‘रोज गातात,’ असं कांताबाई म्हणाल्या

टेक्सासमधल्या शुगर लँडजवळच्या एका बंद पडलेल्या किराणा दुकानात जून महिन्यात सिनेमाचं शूटिंग आहे आणि त्यासाठी आशियाई दिसणारी म्हातारी माणसं हवी आहेत, ही बातमी घरात पायलने आणली. नुसती आणली नाही, तर आजीचा फोटो जोडून अर्ज भरून मोकळी झाली. आधी विचारलं असतं तर आजीने नाही म्हटलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कांताबाई खोब्रागडे तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. एकतीस वर्षं नागपुरात नर्स म्हणून नोकरी केलेली, त्यामुळे कामापुरतं इंग्रजी यायचं आणि अनोळखी माणसांची भीती वाटायची नाही. मुलगा प्रफुल्ल एका तेल कंपनीत इंजिनिअर, सून जागृती फार्मसिस्ट. कांताबाई आणि त्यांचे यजमान शंकरराव सहा वर्षांपूर्वी कायमचे मुलाकडे राहायला आले होते. पायल सोळा वर्षांची नात. तिला स्वतःला जाता येत नव्हतं, कारण शूटिंगला अठरा वर्षांच्या आतलं कुणी चालणार नव्हतं.

“आजी, प्लीज यार. फक्त एक दिवस,” पायल म्हणाली. “तो असणारे तिथे. ताएरिम.”

ताएरिम कोण, हे त्या घरात सांगावं लागत नसे. पायलच्या खोलीच्या भिंतीवर त्याची पाच चित्रं होती. कोरियाचा गायक. गुलाबी केस, डोळ्यांत काजळ, चमचमणारा कोट. गाणी तर त्याची जगभर वाजायचीच, शिवाय दोन सिनेमे केले होते आणि तेही चालले होते. मग तिकडच्या कायद्याप्रमाणे त्याला सैन्यात जावं लागलं. दीड वर्ष. पायलने भिंतीवर दिवस मोजले होते. तो सुटून आला त्याला आता चार महिने झाले होते आणि हा त्याचा परतल्यानंतरचा पहिलाच सिनेमा.

“पण लोक ऑनलाइन काय काय लिहितायत,” पायल म्हणाली. “तो बदललाय म्हणे. गातच नाही. एकही गाणं नाही, लाइव्ह नाही, काही नाही. तू फक्त बघून ये, तो ओके आहे का.”

सैन्यातून आल्यावर गात नाही, हे ऐकून कांताबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे शंकरराव वर्तमानपत्र वाचत बसले होते. मग त्या म्हणाल्या, “बरं, जाईन.”

त्याचं कारण असं. कांताबाई पंधरा वर्षांच्या असताना नागपुरात इंदोऱ्याला चौदा एप्रिलचा कार्यक्रम होता, आणि तिथे एकोणीस वर्षांचा एक पोरगा गायला. बाबासाहेबांवरची गाणी. मागे हार्मोनियम, ढोलक, टाळ्या वाजवणारे चौघे. त्या पोराने असा वरचा सूर लावला की मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या. शंकर खोब्रागडेचं नाव तेव्हा आसपासच्या पंधरा-वीस वस्त्यांत झालं होतं. त्याची गाण्याची पार्टी येणार म्हटलं की लोक सतरंज्या घेऊन आधीच जागा धरायचे. दुसऱ्या वर्षी तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. आणखी पाच वर्षांनी त्याचं स्थळ आलं तेव्हा कांताने मुलगा न बघताच होकार दिला. आईने विचारलं, “अगं, बघशील तरी?” तर म्हणाली, “ऐकलाय मी.”

लग्न झालं ते मात्र एका जवानाशी. पहाटे उठून स्वतःच्या घोंगडीची विटेसारखी चौकोनी घडी घालणारा, बस म्हटल्याशिवाय न बसणारा, रस्त्यात वळतानाही काटकोनात वळणारा माणूस. रजेवर आला की मित्र बोलवायला यायचे, तो म्हणायचा, घसा बसलाय. सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन घरी आला, बँकेत सुरक्षारक्षक म्हणून लागला, तेव्हाही पार्टीतले जुने लोक दोन-तीनदा येऊन गेले. घसा बसलेलाच होता. मग कुणी येईनासं झालं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याच्या तोंडून गाण्याची एक ओळ कांताबाईंनी ऐकली नव्हती. मिलिटरीने गाणं खाल्लं, अशी त्यांनी आपल्या मनाशी समजूत घातली होती. ती समजूत जुनी होती, अंगवळणी पडलेली होती, आणि तिच्याबद्दल त्या कुणाशी बोलत नसत.

शूटिंगच्या दिवशी पायलने सकाळी सात वाजता त्यांना गाडीने सोडलं. बाहेर सकाळीच घाम फुटत होता. एका तंबूत तीस-चाळीस म्हातारी माणसं बसवलेली: व्हिएतनामी, चिनी, फिलिपिनो, दोन गुजराती. सगळ्यांचे फोन पिशवीत घालून ठेवून घेतले. एका मुलीने नियम सांगितले: कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, आणि मुख्य कलाकारांशी आपणहून बोलायचं नाही. कांताबाईंनी मान हलवली. त्यांच्या हातात टोपली दिली, टोपलीत चार मुळे, आणि सांगितलं की भाजीच्या रॅकपासून तांदळाच्या पोत्यांपर्यंत चालत जायचं. बस्स.

दुकान मात्र हुबेहूब केलं होतं. कांताबाई आत शिरल्या आणि गुलाबी केस शोधू लागल्या. गुलाबी केस कुठे दिसेनात. एक जाडसर बाई खुर्चीवर बसून पडद्यात बघत होती, ती दिग्दर्शक. दिवे धरणारे, वायर ओढणारे, आणि भाजीच्या रॅकपाशी कोबी रचणारा, हिरवा एप्रन घातलेला, बारीक काळ्या केसांचा एक तरुण. तो दुकानातला पोरगा असणार. शूटिंगसाठी ठेवून घेतला असेल बिचारा.

‘अ‍ॅक्शन’ असा ओरडा झाला, की कांताबाई मुळे घेऊन चालत. तो तरुण कोबीची टोपली उचलून त्यांच्या पुढून जाई आणि रॅकच्या टोकाशी वळे. मग दिग्दर्शकबाई “पुन्हा” म्हणे. कांताबाई परत भाजीपाशी. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी कुठलातरी दिवा बिघडला आणि सगळे जिथल्या तिथे थांबले. लोक पाणी प्यायला लागले, कुणी खोक्यावर टेकलं, कुणी जमिनीवर. तो कोबीवाला मात्र उभाच. टाचा जुळवलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोरच्या भिंतीवर.

कांताबाईंना ते उभं राहणं ओळखीचं होतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, “बेटा, बसत का नाहीस?”

तो दचकला. “मी ठीक आहे, मॅडम.” त्याचं इंग्रजीही त्यांच्यासारखंच जपून टाकलेलं.

“मिलिटरीत होतास?”

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. “तुम्हाला कसं कळलं?”

“माझे मिस्टर होते. सतरा वर्षं. घरी आले तरी बस म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत.” मग सवयीने, वॉर्डात पेशंटला म्हणत तशा, त्या म्हणाल्या, “बैस.”

तो खरंच बसला, तांदळाच्या पोत्यावर. थोडा हसला. म्हणाला, “मी सकाळपासून वळायला शिकतोय. डायरेक्टर म्हणतात, मी सैनिकासारखा वळतो. मला स्वतःला कळत नाही, मी कसा वळतो.”

दुकानातल्या पोराला वळायला कशाला शिकवतील, हे कांताबाईंच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पण त्या आपल्याच विचारात होत्या. त्यांनी त्याला सांगितलं, की मिस्टर मिलिटरीत जाण्याआधी गायचे. मोठे गायक होते आमच्या भागात. माणसं रस्त्यावर उभी राहून ऐकायची.

त्या तरुणाचं हसू गेलं. तो पुढे झुकला. “मग? परत आल्यावर गायला लागले?”

त्याने हे इतक्या घाईने विचारलं, की कांताबाई गोंधळल्या. एकतीस वर्षं त्यांनी ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून असेच वर बघणारे चेहरे पाहिले होते. सिस्टर, होईल ना सगळं नीट? त्यावर एकच उत्तर असायचं आणि ते विचार न करता बाहेर पडायचं.

“हो,” त्या म्हणाल्या. “रोज गातात.”

“रोज?”

“रोज.”

तो काही बोलणार इतक्यात एक मुलगी धावत आली, तिने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला, दुसरीने एप्रनची गाठ सारखी केली, आणि नियम सांगणारी ती मुलगी कांताबाईंकडे डोळे मोठे करून बघायला लागली. कुणीतरी हाक मारली, “ताएरिम, तयार?”

कांताबाई मुळ्यांची टोपली घेऊन भाजीपाशी परत गेल्या. एक तर नियम मोडला. दुसरं म्हणजे हाच तो. आणि तिसरं, जे त्या दोन्हींहून वाईट, ते खोटं त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं.

पुढे आणखी पाच वेळा त्यांनी मुळे नेले. बाराव्या वेळी दिग्दर्शकबाईंनी टाळी वाजवली, सगळे खूश झाले. बाराव्या वेळी काय वेगळं झालं, ते कांताबाईंना काही समजलं नाही. त्यांना तो अकरा वेळा वळला तसाच वळल्यासारखा वाटला.

संध्याकाळी पायलने गाडीतच प्रश्नांचा भडिमार केला. “कसा होता? सॅड होता? थिन झालाय? तुझ्याशी बोलला?”

“बोलला ना. चांगला मुलगा आहे.”

“ओ माय गॉड! काय म्हणाला?”

“वळता येत नाही म्हणाला.”

पायलला यातून काहीच बोध झाला नाही, आणि आजीने पुढे काही सांगितलं नाही. घरी शंकररावांनी विचारलं, “झालं का शूटिंग?” त्यावर “झालं” एवढंच उत्तर मिळालं. जो रोज गातो असं सांगून आल्या होत्या, त्याच माणसासमोर बसून कांताबाईंनी वरणभात खाल्ला. आपण खोटं का बोललो, हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही आणि पुढे कित्येक महिने कळलं नाही. एखाद्या अनोळखी पोराला बरं वाटावं म्हणून? की आपल्यालाच एकदा ते वाक्य म्हणून बघायचं होतं? विचार केला की दोन्ही खरं वाटायचं, मग दोन्ही खोटं.

सिनेमा पुढच्या मार्चमध्ये यायचा होता. त्याच्या आधीच्या रविवारी सगळे दुपारी जेवायला बसले असताना पायल टीव्हीसमोर ताएरिमची मुलाखत लावून बसली होती. त्याचं नवीन गाणंही त्याच आठवड्यात आलं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, इतके दिवस का गायला नाहीत? पुन्हा कसे गायला लागलात?

 ताएरिम म्हणाला, “टेक्सासमध्ये शूटिंगला एक भारतीय आजी होत्या. त्यांना वाटलं, मी दुकानात काम करतो. त्यांचा नवरा सैनिक होता, आणि त्याआधी गायक होता. मी विचारलं, परत आल्यावर ते गायले का. त्या म्हणाल्या, रोज गातात. मी हॉटेलवर गेलो आणि विचार केला, मग मलाही जमेल.”

पायल किंचाळली. “आजी! दॅट्स यू! ओ माय गॉड, आजी, ही तू आहेस!” आणि मग तिचा आवाज खाली आला. “वेट. आजोबा गातात?”

प्रफुल्लचा घास हातातच राहिला. “आई, हे बाबांबद्दल बोलतोय तो?” जागृतीने भाजीचा डाव पातेल्यात ठेवला.

शंकररावांनी पाण्याचा घोट घेतला. ग्लास खाली ठेवला. “रोज गातो का मी?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. खरोखर विचारल्यासारखं विचारलं. “कोणती गाणी म्हणतो?”

 शंकरराव उठले, हात धुतले आणि मागच्या अंगणात जाऊन खुर्चीवर बसले.

कांताबाई थोड्या वेळाने मागे गेल्या. दुसरी खुर्ची ओढली. “अहो, चुकलं माझं. जगभर झालं आता. राग आला?”

“राग काहून येईल?” शंकरराव म्हणाले. ते कुंपणापलीकडे बघत होते. “तशी तू खोटं नाही बोललीस.”

“म्हणजे?”

“गायचो ना मी. तिकडे.”

“कुठे तिकडे?”

“पलटणीत. बडा खाना असला, सगळी पलटण एकत्र जेवायला बसली, की गायचो, कुणी रिटायर होऊन चालला की गायचो. बर्फात होतो तेव्हा तर बंकरमध्ये दुसरं काय करणार? सुभेदारसाहेब नाव घेऊन फर्माईश करायचे.”

कांताबाईंना आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “सतरा वर्षं?”

“सतरा नाही. पहिलं वर्ष नाही. मग सुरू केलं.”

“आणि घरी? घरी घसा बसलेला?”

 शंकरराव म्हणाले, “घरी तू होतीस.”

हे कांताबाईंना असं लागलं, की त्या खुर्चीवरून उठल्याच. “म्हणजे माझ्यामुळे?”

“बैस. तसं नाही म्हणत मी. आवाज बदलला होता, कांता. ट्रेनिंगमध्ये ओरडून ओरडून वरचा सूर गेला तो गेलाच. तिकडे कुणाला माहीत होतं, मी आधी कसा गायचो? जे गायलो ते त्यांना चांगलं वाटलं. इकडे सगळ्यांना तो इंदोऱ्याचा शंकर पाहिजे होता. तू तर आल्यागेल्याला सांगायचीस, एकोणीस वर्षांचे होते तेव्हा असे गायले आणि तसे गायले.”

“पण मी एकदा तरी म्हटलं का, गा म्हणून?”

“नाही म्हटलं. वाट बघत बसलीस. ते जास्त जड जायचं.”

कांताबाई पुन्हा बसल्या. नवऱ्यावर चिडावं, की आपली लाज वाटून घ्यावी, हे त्यांना ठरवता येईना. पंचेचाळीस वर्षं त्या मिलिटरीवर रुसल्या होत्या, आणि मिलिटरीने तर काही खाल्लंच नव्हतं. तिथल्या परक्या माणसांनी मांडी घालून ऐकलं होतं. ज्या बाईने नुसत्या आवाजावर लग्न केलं, ती तेवढी ऐकायची राहिली. आणि आता हा माणूस म्हणतो, की तिच्याच ऐकण्याचं ओझं झालं. बरं, त्यावर भांडावं, तर तो खोटं बोलतोय असंही वाटत नव्हतं.

“मला सांगायचं तरी,” त्या म्हणाल्या.

“काय सांगणार होतो? की तू ऐकलेला तो मेला आणि हा दुसरा आहे?” शंकररावांनी खांदे उडवले. “नंतर सवय झाली. तुलाही, मलाही.”

शनिवारी सगळे ह्यूस्टनला सिनेमाला गेले. पायलच्या तीन मैत्रिणीही होत्या. गोष्ट साधी होती: मुलगा परदेशातून हरून परततो आणि बापाच्या दुकानात कोबी रचतो. कांताबाई पाठमोऱ्या दिसल्या, टोपलीतला एक मुळा आणि डावा कोपर. त्यांच्या पुढून ताएरिम गेला, वळला, आणि प्रफुल्लने आईचा हात दाबला. कांताबाई पडद्याकडे बघत होत्या. तो चांगलं काम करतोय का वाईट, हे त्यांना सांगता आलं नसतं. कधी तो नुसता उभा राही आणि त्यांचा जीव कळवळे. कधी वाटे, हा काहीच करत नाही, लाकडासारखा आहे. मागच्या रांगेतली एक मुलगी हुंदके देत होती आणि तिची मैत्रीण कुजबुजत होती, की आधीच्या दोन सिनेमांत किती मस्त होता.

परत येताना गाडीत शंकररावांनी नातीला विचारलं, “आधी कसा होता हा?”

“टोटली डिफरंट. फनी होता, लाउड होता.”

“मग हा बरा, की तो?”

पायलने खिडकीबाहेर पाहिलं. “आय डोन्ट नो, आजोबा. मला तो आवडायचा. पण हा…” तिने वाक्य पुरं केलं नाही, आणि शंकररावांनीही पुरं करायला लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी कांताबाईंनी पायलला बोलावलं. ताएरिमला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणाल्या. माणसाला खोटं सांगितलंय, ते दुरुस्त करायला हवं.

“आजी, त्याला मिलियन्स ऑफ कॉमेंट्स येतात. तो वाचणार नाही.”

“न वाचू दे. तू लिही.”

पायलने फोन हातात घेतला. कांताबाईंनी सांगितलं, लिही, माझे मिस्टर रोज गात नाहीत. पायलने लिहिलं. मग म्हणाल्या, खोड ते. गायचे, पण मला माहीत नव्हतं. पायलने खोडलं, नवीन लिहिलं. मग तेही नको झालं. असं लिहिलं तर त्या पोराला वाटेल, घरच्यांसमोर गाता येतच नाही.

“आजी, सिंपल क्वेश्चन आहे. ही सिंग्ज ऑर नॉट?”

 शेवटी कांताबाईंनी एवढंच लिहायला लावलं: मी त्या दुकानातली मुळेवाली आजी. माझे मिस्टर सैन्यात गायचे. मला हे आत्ता कळलं. तू आईला गाऊन दाखव, कसंही येत असलं तरी.

पायलने ते दोनदा वाचलं, डोळे बारीक करून आजीकडे पाहिलं, आणि बटण दाबलं. मिनिटभरात ते शेकडो ओळींखाली गेलं.

त्याचं उत्तर आलं नाही. कांताबाईंनी आठवडाभर रोज विचारलं, मग विचारणं सोडलं. शंकरराव गायला लागले, असंही काही झालं नाही. मात्र संध्याकाळी घराजवळच्या तळ्याभोवती फिरायला गेल्यावर कांताबाई आता त्यांना त्या सतरा वर्षांतलं काहीबाही विचारतात, आणि विचारलं तेवढं ते सांगतात. सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे होते. नाव घाडगे. एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून गाणाऱ्याच्या अगदी जवळ येऊन बसायचे. एकदा कांताबाईंनी विचारलं, त्यांना कोणतं गाणं आवडायचं? शंकररावांनी सांगितलं, पण नुसत्या शब्दांत, बोलल्यासारखं. कांताबाई मध्येच म्हणाल्या, हे तर तुम्ही इंदोऱ्याला म्हटलं होतं. ते म्हणाले, नाही, ते दुसरं. त्यावर दोघांचं तळ्याची एक फेरी पुरी होईतो वाजलं, आणि कोण बरोबर, ते अजून ठरायचं आहे.